उतारवयातली तालीम

विसरभोळेपणाची तपासणी बहुधा तारखेपासून सुरू होते. परभणीच्या एखाद्या दवाखान्यात मुलाबरोबर आलेल्या, ऐंशीच्या घरातल्या माउलीला डॉक्टर विचारतात, "आजी, आज तारीख किती?" ती सांगते, "तारीख न्हाई बा ठाव. बारस हाय." बारस खरीच असते. काल तिने एकादशी धरलेली असते आणि उद्याचा प्रदोषही तिच्या ध्यानात असतो. कागदावर मात्र या उत्तराला गुण नसतो. मग शंभरातून सात वजा करत जायला सांगतात, एक ओळ वाचून त्याप्रमाणे करायला सांगतात, मनाने एक वाक्य लिहायला सांगतात. जिने जन्मात पेन्सिल धरली नाही तिचे गुण इथे भराभर जातात. आजार असो वा नसो.

तीस गुणांची ही परीक्षा मार्शल फोल्स्टीन, सुझन फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केली. थोडक्या वेळात होणारी, खर्च नसलेली, म्हणून ती जगभर गेली. नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत म्हाताऱ्या माणसांची पाहणी करायची ठरली, तेव्हा ती आहे तशी चालणार नाही हे उघड झालं. मेरी गांगुली आणि त्यांच्या भारतीय-अमेरिकी सहकाऱ्यांनी तिचं हिंदी रूप तयार केलं. ते १९९५ साली प्रसिद्ध झालं. 'डोळे मिटा' हे वाचायला देण्याऐवजी तपासणारा स्वतः डोळे मिटतो आणि म्हणतो, माझ्याकडे बघा, मी करतो तसं करा. वाक्य लिहायच्या जागी आपल्या घराबद्दल एक वाक्य बोलायचं. बदल एवढासाच वाटतो. पण त्यामागे मोठी कबुली होती: इतके दिवस आपण बुद्धी मोजतोय असं समजून शाळा मोजत होतो.

हे आधी सांगायचं कारण असं की म्हातारपणी डोकं तल्लख आणि मन उभारीत राहावं म्हणून आज जी तालीम दिली जाते, मोबाइलवरचे खेळ, कोडी, आकड्यांची जुळवाजुळव, तीही याच शाळेच्या बाकावरून आलेली आहे. तिला आपण 'ब्रेन ट्रेनिंग' म्हणतो आणि ती नव्या काळाची गोष्ट समजतो. तिचा माग काढत गेलं की दोन वाटा लागतात. एक परभणीच्या मातीतूनच मागे जाते, दुसरी अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या खोल्यांतून. दोन्ही वाटांवर मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत गेली. जिथे तालीम लागू पडली तिथे बहुतेक वेळा विचारणारं, ऐकणारं, ओळ उचलणारं एक दुसरं माणूस समोर होतं.

परभणीची वाट जिंतूर तालुक्यातल्या बोरीपासून धरता येते. 'शिशुपाळवध' लिहिणारे महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर या गावचे. त्यांच्या पंथाने मराठीतला पहिला मोठा गद्य चरित्रग्रंथ उभा केला तो निव्वळ आठवणींवर. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर त्यांचे अनुयायी म्हाइंभट गावोगाव हिंडले. स्वामींना ज्यांनी पाहिलं होतं, त्यांचं बोलणं ऐकलं होतं, त्यांना गाठून विचारत राहिले. काय म्हणाले, कुठे म्हणाले, तेव्हा कोण होतं. जमलेलं सगळं पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्यासमोर पारखलं गेलं आणि तेराव्या शतकाच्या शेवटच्या पादात ऋद्धिपूरला 'लीळाचरित्र' सिद्ध झालं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, स्वाऱ्यांच्या धामधुमीत, मूळ पोथी हरवली. ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो ज्यांना तो पाठ होता त्यांच्या मुखातून. त्यात हिराइसेचं नाव अग्रभागी आहे. एका बाईच्या स्मरणातून आलेला 'हिराइसापाठ' आजही अभ्यासक वेगळा ओळखतात. दुसऱ्यांना आठवलेलं वेगळं निघालं तर तेही टाकून दिलं नाही, शेजारी नोंदवून ठेवलं.

या कथेत सहसा हिराइसेच्या स्मरणशक्तीचं कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं. मला म्हाइंभटांचं हिंडणं तितकंच मोलाचं वाटतं. एखाद्या वृद्ध अनुयायाच्या दारात जाऊन, खाली बसून, 'मग पुढे काय झालं?' असं विचारणारा माणूस आला नसता तर त्या आठवणी माणसांबरोबरच गेल्या असत्या. आठवण सांगितली की ती पुन्हा एकदा घडवली जाते, पक्की होते. हे मानसशास्त्राने अलीकडे प्रयोगांनी दाखवलं. पंथाने ते आचरणात ठेवलं होतं.

पुढचा मुक्काम गोदाकाठचं गंगाखेड, जनाबाईंचं जन्मगाव. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करता करता त्यांची रचना झाली, आणि मराठवाड्यातल्या बायकांनी जात्यावर बसताना जनाबाईला आपली थोरली बहीण मानलं. ओवीकडे आपण काव्य म्हणून पाहतो. जरा वेळ ती डोक्याच्या कामाच्या अंगाने पाहू.

पहाटे दोघी समोरासमोर बसतात, खुंट्यावर दोघींचे हात. एकीने जात्याच्या तोंडात घास टाकायचा, दळणाची गती मोडू द्यायची नाही, श्वास सांभाळायचा आणि त्याच वेळी ओळ उचलायची. पहिली ओळ झाली की दुसरीने ती पुरी करायची किंवा तिच्यावर नवी रचायची. भाऊ, लेक, माहेरची वाट, सीतेचा वनवास, पंढरीचा विठू, आणि पुढच्या काळात बाबासाहेब. विषयांची माळ ठरलेली असली तरी नावं, नाती, गाव त्या त्या क्षणी बसवावी लागतात. चाल म्हणजे गळा. गळा बदलला की शब्दांचं वजन बदलतं. पाठांतर, रचना, हाताची लय, दुसरीच्या ओळीवर लक्ष, हे सगळं एका वेळी. प्रयोगशाळेत आज 'दोन कामं एकाच वेळी' अशी तालीम घेतात तेव्हा चालायला लावून उलटे आकडे म्हणायला सांगतात. जात्यावर हे रोज, अंधारात, कुणी न सांगता होत होतं.

यात उगाच गोडवा आणू नये. जातं ओढणं हे कष्टाचं काम होतं आणि ते बायकांवर लादलेलं होतं. ओव्यांतला मोठा भाग दुःखाचा आहे. सासुरवास, वांझपण, मेलेलं मूल, न आलेला भाऊ. पण दिवसभर ज्या गोष्टी घरात बोलायची मुभा नव्हती त्या जात्यावर मोठ्याने म्हणता येत. ऐकणारी समोर होती आणि तिचंही तेच दुःख होतं. मनाचं ओझं हलकं होण्याची ही जागा होती, हे त्या बायका स्वतःच ओव्यांतून सांगतात. जातं हा त्यांच्यासाठी मन मोकळं करायचा सोबती आहे.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइट्वां यांनी हे धन वेचायला घेतलं. गावागावांतल्या कार्यकर्त्यांच्या मदतीने हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी गोळा केल्या. नव्वदच्या दशकात त्यांचा ध्वनिमुद्रण करणारा चमू परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसलाही पोचला. तिथल्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्या संग्रहात आहे. २०१७ पासून हा संग्रह 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने लोकांसाठी खुला केला आहे. गायिकेचं नाव, गाव, आवाज, सगळं एकत्र. विचारत हिंडणाऱ्या म्हाइंभटांच्या परंपरेतलंच हे काम आहे असं मी मानतो.

पिठाची गिरणी गावात आली आणि बायकांच्या पाठीचं दुखणं वाचलं. ते फार बरं झालं. फक्त ओवीला बसायला जागा राहिली नाही. आज ज्यांना ओव्या येतात त्या सत्तरी ओलांडलेल्या आहेत. ओवी हाताच्या फिरण्याला बांधलेली असते. नुसतं खुर्चीवर बसवून 'म्हणा' म्हटलं की ओळ अडते, आणि समोरून कुणी सूर धरला की ती सुटते.

पुरुषांकडे तालमीचं दुसरं रूप होतं. पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरं गिरवून झाली की पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनचा औटकीचा पाढा. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं. मानवत आणि सेलूच्या कापसाच्या बाजारात मुनीम मण-शेराचे हिशेब तोंडी करत ते याच जोरावर. अशी माणसं म्हातारपणीही 'बारा पाऊणे नऊ' इतक्या सहज म्हणतात की ऐकणाऱ्या नातवाला कॅल्क्युलेटर काढायलाही वेळ मिळत नाही. संध्याकाळी मंदिरात हरिपाठ. दोन रांगा, हातात टाळ, एका रांगेने म्हटलेलं दुसरीने झेलायचं, पावलं टाळाच्या ठेक्यावर. वर्षातून एकदा सप्ताह, आणि आषाढीच्या आधी शेगावहून येणारी गजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेडच्या वाटेने जाते तेव्हा तिच्याबरोबर चालणं.

परभणीच्या जुन्या पिढीकडे आणखी एक शिदोरी होती. ती कुणी तालीम म्हणून दिली नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत, कोर्ट-कचेरी उर्दूत, वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. घरी मराठी, बाजारात दखनी, कचेरीत उर्दू अशी तीन तोंडं वापरत ती पिढी वाढली. ज्यांना शाळा मिळालीच नाही त्यांनाही बाजाराने आणि शेजाराने दुसरी भाषा शिकवली. जिंतूरकडच्या तांड्यांवर गोरमाटी घरात, मराठी गावात आणि हिंदी रस्त्यावर असते.

यातून मेंदूला काय मिळतं याचा एक गाजलेला अभ्यास त्याच जुन्या राजधानीत, हैदराबादमध्ये झाला. निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसच्या स्मृतिचिकित्सालयात आलेल्या डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, ६४८ रुग्णांच्या नोंदी सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी तपासल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध केल्या. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती. आणि हा फरक निरक्षरांतही दिसला. त्याआधीच्या कॅनडातल्या अभ्यासांवर आक्षेप होता की दोन भाषांचे लोक बहुधा स्थलांतरित किंवा जास्त शिकलेले असतात, त्यामुळे श्रेय भाषेचं की शिक्षणाचं हे कळत नाही. हैदराबादेत तो आक्षेप बराच सैल पडला. असं असलं तरी रुग्णालयात येऊन पोचलेल्यांच्या नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, आणि माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या काही पाहण्यांत असा लाभ दिसलेला नाही. मी याकडे आशादायक खूण म्हणून पाहतो, पुरावा म्हणून नाही. पण इथेही हे खरंच आहे की दुसरी भाषा एकट्याने बोलता येत नाही.

आता दुसरी वाट. १८९० साली अमेरिकेत विल्यम जेम्स यांनी मानसशास्त्रावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी स्वतःवर केलेला एक प्रयोग आहे. आधी त्यांनी व्हिक्टर ह्यूगोच्या एका दीर्घ कवितेच्या १५८ ओळी पाठ केल्या आणि लागलेली मिनिटं मोजली. मग अडतीस दिवस मिल्टनच्या महाकाव्याचा पहिला सर्ग पाठ करून स्मरणाला व्यायाम दिला. पुन्हा ह्यूगोच्या पुढच्या १५८ ओळी घेतल्या. स्मरण बळकट झालं असेल तर या वेळी कमी मिनिटं लागायला हवी होती. लागली जास्त. आधी १३२ मिनिटांच्या आसपास, नंतर एकशे साडेएक्कावन्न. जेम्स यांनी मित्रांवर आणि विद्यार्थ्यांवरही असे प्रयोग करून पाहिले आणि आपलं मत मांडलं की स्मरणाची मूळ शक्ती अशी सरावाने वाढत नाही, लक्षात ठेवायच्या रीती सुधारतात.

सगळ्या ब्रेन ट्रेनिंगचा खरा प्रश्न या जुन्या नोंदीत पुरता आला आहे: एका कामाचा सराव दुसऱ्या कामात उतरतो का? १९०१ साली थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी प्रयोग करून सांगितलं की दोन कामांत जेवढं सारखं असेल तेवढंच उतरतं. तरी बाजार थांबला नाही. लंडनमध्ये पेलमन इन्स्टिट्यूट टपालाने स्मरणशक्तीचे धडे विकत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्या जाहिराती वर्तमानपत्रांत भरभरून येत. आजच्या ॲपची ती आजी म्हणायला हरकत नाही.

म्हाताऱ्यांसाठी म्हणून हा विचार जोर धरायला सत्तर-ऐंशीची दशकं उजाडावी लागली. उतारवयात बुद्धी फक्त झिजते हा समज तोवर पक्का होता. पॉल बाल्टेस आणि सहकाऱ्यांनी वृद्धांना घरातल्या किंवा गावातल्या ओळखीच्या जागांवर एकेक शब्द ठेवत जाण्याची प्राचीन ग्रीक-रोमन युक्ती शिकवली, आणि सत्तरीतली माणसं शब्दांच्या लांबलचक याद्या क्रमाने सांगू लागली. झीज आहे, पण शिकण्याची ताकदही शिल्लक आहे, हे त्यातून नक्की झालं.

मग आली एक फार मोठी चाचणी. 'ॲक्टिव्ह' नावाच्या या अमेरिकी प्रकल्पात ६५ वर्षांवरच्या २,८३२ लोकांना चिठ्ठ्या टाकून चार गटांत वाटलं. एका गटाला स्मरणाची तालीम, दुसऱ्याला तर्काची, तिसऱ्याला नजरेने झटकन टिपण्याच्या वेगाची, चौथ्याला काहीच नाही. पाच-सहा आठवड्यांत तासा-सव्वातासाच्या दहा बैठका, त्याही लहान गटांत, शिकवणाऱ्या माणसाच्या देखत. २००२ साली पहिले निकाल आले. ज्याची तालीम दिली त्यात सुधारणा झाली, दुसऱ्यात नाही. जेम्स यांचं म्हणणं शंभर वर्षांनी खरं ठरलं. दहा वर्षांनंतर पाहिलं तर तर्क आणि वेगाचा फायदा टिकलेला होता, स्मरणाचा विरून गेला होता. मात्र तालीम घेतलेल्या तिन्ही गटांनी सांगितलं की रोजच्या कामांत, औषधं घेण्यात, पैशाच्या व्यवहारात, आम्हाला अडचण कमी येते. वेगाची तालीम घेतलेल्यांत वर्षभराने उदासी वाढण्याचं प्रमाणही कमी आढळलं, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात त्याच गटात डिमेन्शिया कमी दिसला. ही तालीम संगणकाच्या पडद्यावरची होती. म्हणून पडदा म्हणजे फसवणूक असं सरसकट म्हणणं मला मान्य नाही.

पण या २,८३२ लोकांची सरासरी शाळा तेरा वर्षांहून जास्त होती. परभणीच्या त्या पिढीतल्या किती बायकांनी चौथी तरी पाहिली? चाचणी मोठी होती, तरी ती या बायकांबद्दल काही बोलत नाही.

जपानमध्ये तोहोकू विद्यापीठाच्या र्यूता कावाशिमा यांनी वेगळी सुरुवात केली होती. डिमेन्शिया झालेल्या वृद्धाश्रमातल्या लोकांना रोज थोडं मोठ्याने वाचायला आणि सोप्या बेरजा-वजाबाक्या करायला लावायच्या, शेजारी मदतनीस बसलेला. आपल्याकडच्या पोथीवाचनाला आणि पाढ्यांना हे किती जवळचं आहे! छोट्या गटात थोडी सुधारणा दिसली. २००५ साली निन्टेन्डो कंपनीने त्यांच्या नावाने हातात धरायच्या यंत्रावरचा खेळ काढला आणि तो जगभर खपला. त्या प्रवासात शेजारी बसलेला मदतनीस गळून पडला. पुढे ॲप आली, जाहिराती आल्या. २०१४ साली सुमारे सत्तर शास्त्रज्ञांनी जाहीर पत्रक काढून बजावलं की कंपन्यांच्या दाव्यांना आधार नाही. दुसऱ्या बाजूच्या शास्त्रज्ञांनी त्याला उत्तर दिलं. जानेवारी २०१६ मध्ये 'लुमॉसिटी' चालवणाऱ्या लुमोस लॅब्सला अमेरिकी व्यापार आयोगाशी वीस लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. आमच्या खेळांनी म्हातारपणाची विस्मृती टळते, अशा जाहिराती पुराव्याशिवाय केल्याचा आरोप होता. म्हातारपणाच्या भीतीवर केलेला धंदा म्हणून त्याचा मला राग येतो. आई-बापाला भेटायला सवड नसलेल्या मुलांना तो खेळ घेऊन देणं सोपं वाटतं, आणि कंपनीला ते पुरेपूर ठाऊक असतं.

मनाच्या उभारीचा धागा मात्र या खेळांपेक्षा दुसरीकडे जास्त घट्ट सापडतो. १९५० नंतर अमेरिकेच्या रुग्णालयांत गोंधळलेल्या वृद्धांना दिवस, वार, जागा यांची सतत आठवण करून देण्याची पद्धत निघाली. ती पुढे शिक्षकी आणि कोरडी झाली. चुकलेल्याला चूक दाखवत राहिलं की तो आणखी मिटतो. त्यातून धडा घेऊन लंडनमध्ये एमी स्पेक्टर, मार्टिन ऑरेल आणि सहकाऱ्यांनी नवी रीत बांधली. २०१ रुग्णांवरची त्यांची चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली. सात आठवडे, आठवड्याला दोनदा, पाऊण तास, पाच-सात जणांचा गट. विषय साधे: बालपण, खाणं, चालू घडामोडी, शब्द, आकडे. 'आठवतं का?' असं न विचारता 'तुमचं मत काय?' असं विचारायचं, म्हणजे चुकायची भीती राहत नाही. गटाला एक नाव असतं, आणि प्रत्येक बैठक सगळ्यांनी मिळून निवडलेल्या गाण्याने सुरू होते. विचारशक्ती आणि जगण्याची गोडी, दोन्हींत माफक पण खरी सुधारणा झाली. सौम्य ते मध्यम डिमेन्शियावर ब्रिटनची सरकारी मार्गदर्शिका ही बैठक सुचवते. चेन्नईत स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशनने ती तिथल्या लोकांसाठी बसवून घेतली आहे, टांझानियातल्या खेड्यांत लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी तिचं रूप तयार झालं आहे.

लॉस एंजेलिसमध्ये हेलेन लॅव्हरेट्स्की यांच्या गटाने २०१७ साली आणखी एक तुलना मांडली. विसरायला लागलेल्या ५५ वर्षांवरच्या ८१ जणांपैकी काहींना बारा आठवडे स्मरणाची रुळलेली तालीम, काहींना कुंडलिनी योग आणि रोज बारा मिनिटं बोटं जुळवत नाम म्हणण्याची साधना. स्मरण दोन्ही गटांत सुधारलं. उदासी साधनेच्या गटात अधिक कमी झाली. अभ्यास छोटा आहे, त्यावरून हरिपाठाची महती सिद्ध झाली असं म्हणू नये. गाणं, श्वास, हाताची हालचाल आणि ठरलेली वेळ हे एकत्र आलं की मनावर काहीतरी होतं, इतकं म्हणता येतं. जात्यावरच्या बाईला हे सांगायची गरज पडली नसती.

शाळा न पाहिलेल्यांचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो टाळून ओवीचे गोडवे गाणं अन्यायाचं होईल. देशभरच्या ६० वर्षांवरच्या चार हजारांहून अधिक लोकांच्या तपासणीवरून २०२३ साली मांडलेल्या अंदाजानुसार भारतात या वयातल्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे. बायकांत, कमी शिकलेल्यांत आणि खेड्यांत तो जास्त आहे. म्हणजे तिन्ही गोष्टी ज्यांच्या वाट्याला आल्या त्या आमच्या मराठवाड्याच्या आया-आज्या. निरक्षर राहणं हे त्यांचं वैशिष्ट्य नव्हतं, नुकसान होतं.

ते उशिरा भरून काढता येतं का? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लखनौजवळच्या खेड्यांतल्या, बहुतेक तिशीतल्या निरक्षर बायकांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवून मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा नजरेशी संबंध असलेल्या खोल भागांतसुद्धा बदल दिसले. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने 'आजीबाईंची शाळा' सुरू केली. शिवजयंतीला इतर बायका शिवचरित्र वाचत होत्या आणि म्हाताऱ्या नुसत्या ऐकत होत्या. आम्हालाही वाचता आलं असतं तर, या त्यांच्या बोलण्यातून ती निघाली. साठ ते नव्वद वयाच्या बायका, गुलाबी साड्या, खांद्याला दप्तर. पुष्कळ जणींच्या बाबतीत अक्षरं शिकवायला घरातली सूनच बसली. कुणी त्यांचा मेंदू तपासायला गेलं नाही तरी अंगठ्याऐवजी सही करणाऱ्या बाईचं मन कसं होतं हे बघायला यंत्र लागत नाही.

परभणीत हे सगळं साहित्य हाताशी आहे. गावोगावी भजनी मंडळं आहेत, शहरांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. राज्यभरच्या अशा संघांना जोडणारी 'फेस्कॉम' ही संघटना १९८० पासून काम करते आहे. चेन्नईने तमिळ माणसांसाठी जे केलं ते इथे मराठीत करायला वेगळी इमारत लागत नाही. आठवड्यातून दोन दुपारी, मारुतीच्या पारावर किंवा समाजमंदिरात, सात-आठ जण. सुरुवातीला गवळण किंवा भूपाळी. मग पंचांग आणि वर्तमानपत्र दोन्ही. एक दिवस पाढे, एक दिवस पिकांची आणि बियाण्यांची जुनी नावं, एक दिवस निजामाच्या काळातल्या शाळेच्या गोष्टी, उर्दू येणाऱ्याने एखादा शेर म्हणून अर्थ सांगायचा. ओवीची पहिली ओळ ताडकळसच्या मुद्रणातून ऐकवायची आणि पुढची समोरच्यांकडून घ्यायची. चालवायला आशाताई, शिक्षक किंवा कॉलेजातली मुलं पुरेशी आहेत, फक्त त्यांना विचारायची रीत शिकवायला हवी. जोडीला चालणं, खाणं, रक्तदाब आणि साखर. फिनलंडमध्ये १,२६० वृद्धांवर झालेल्या 'फिंगर' चाचणीने २०१५ साली दाखवलं की आहार, व्यायाम, डोक्याची तालीम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष हे एकत्र दिलं की विचारशक्तीला मदत होते.

आणि सगळ्यात आधी कान. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाची जी चौदा टाळता येण्याजोगी कारणं मांडली त्यांत कमी ऐकू येणं, कमी दिसणं, उदासी आणि एकटेपणा ही चार आहेत. आमच्याकडे बहिरेपणा म्हणजे म्हातारपणच समजतात. 'त्यांना ऐकूच येत नाही' म्हणून घरातलं बोलणं हळूहळू त्यांच्या डोक्यावरून जायला लागतं आणि मग ते विसरायला लागले असं आपण म्हणतो. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर झालेली श्रवणयंत्राची चाचणी २०२३ साली आली. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर तीन वर्षांत फरक पडला नव्हता, पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांच्यात विचारशक्तीची घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. महाराष्ट्र सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या माणसाला अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात, त्यात चष्मा आणि श्रवणयंत्र दोन्ही येतात. चांगल्या श्रवणयंत्राला ही रक्कम पुरत नाही. जिल्हा परिषदेने तिच्यात भर घालावी आणि गावात कान तपासायची शिबिरं घ्यावीत, ही मागणी ज्येष्ठ नागरिक संघांनी लावून धरायला हवी.